रुपयावरची सोंड दिसेपर्यंत

१९११ साली पाडलेल्या पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयावर, राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे. आकार तांदळाच्या कणीएवढा. सोंड आखूड पडली, पाय जाड झाले, त्यामुळे लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. बोभाटा झाला आणि १९१२ पासून स्पष्ट सोंडेचा सुधारलेला ठसा वापरात आला. संग्राहकाच्या दृष्टीने या दोन रुपयांतला सगळा फरक त्या कणीएवढ्या जागेत आहे.

घरी डिजिटल कॅमेऱ्याने नाण्यांचे फोटो काढायला शिकताना मी हा हत्तीच परीक्षेला ठेवला. फोटो बघणाऱ्याला सोंड आखूड की लांब हे सांगता आलं तर फोटो जमला. या परीक्षेतून एक गोष्ट पक्की कळली: कॅमेरा आणि लेन्स यांचा प्रश्न दोन-चार दिवसांत सुटतो, उजेडाचा प्रश्न मात्र प्रत्येक नाण्याबरोबर नव्याने सोडवावा लागतो. म्हणून खाली कॅमेऱ्याबद्दल कमी आणि दिव्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

तरी आधी लेन्सचा हिशेब. ब्रिटिश काळातल्या रुपयाचा व्यास ३०.५ मिलिमीटर. साध्या डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी सेन्सरची (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी आतली चकती, एपीएस-सी हे तिच्या आकाराचं नाव) उंची साधारण १५ मिलिमीटर. नाण्याने चौकटीची नव्वद टक्के उंची व्यापायची असेल तर सेन्सरवर त्याची प्रतिमा १४ मिलिमीटरची पडली पाहिजे, म्हणजे मूळ आकाराच्या ०.४६ पट. १९५७ चा १ नया पैसा १६ मिलिमीटरचा आहे. त्याला हेच गणित ०.८८ पटीवर जातं. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स ०.३५ पटीच्या आसपास थांबते. तिच्यावर रुपयाचे बरे फोटो निघतात, पण नया पैसा चौकटीत बटणासारखा दिसतो. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात वरच्या हिशेबाने रुपया सुमारे ३६०० पिक्सेलांत मावतो, म्हणजे एका मिलिमीटरला ११८ पिक्सेल. हत्तीच्या सोंडेला एवढे पुष्कळ झाले. सेन्सरच्या मेगापिक्सेलांवर यापुढे पैसे घालवण्यात अर्थ नाही.

खरी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठा फोटो घेणारी, नसेल तर ५० मिलिमीटरच्या लेन्सच्या मागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यातली पोकळ नळी, लावायची. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढी पट वाढते. २१ मिलिमीटरची ट्यूब ५० च्या लेन्सला ०.४२ पट देते, उरलेलं लेन्सच्या स्वतःच्या फोकसमधून निघतं. स्वस्त ट्यूबमध्ये लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या विजेच्या टाचण्या नसतात, त्यामुळे कॅमेऱ्यावरून अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, बदलता येत नाही. अशा वेळी अॅपर्चरची रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स जास्त कामाची. ५० च्या लेन्सची खरी अडचण वेगळीच आहे. नाणं आणि लेन्सचं तोंड यांच्यात जेमतेम अर्ध्या वितीची जागा उरते आणि दिवा घालायला वावच राहत नाही. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स याच पटीला साधारण दुप्पट अंतर देते. माझ्या मते ती घेण्याचं पहिलं कारण ही जागा, स्पष्टता दुसरं. मोबाइलचंही इथेच अडतं. तो इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली नाण्यावर पडते.

अॅपर्चर एफ/८ वर ठेवायचं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक). जवळून फोटो काढताना अॅपर्चर प्रत्यक्षात आणखी बारीक होतं. एफ/८ ला (१ + पट) ने गुणा, म्हणजे ०.४६ पटीला ते एफ/१२ सारखं वागतं. त्यामुळे सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ/१६ किंवा २२ लावलं तर उलट सगळाच फोटो किंचित मऊ होतो. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि दोष फोकसचा वाटतो.

एफ/८ वर काटेकोर स्पष्टतेची खोली मिळते जेमतेम एक-दीड मिलिमीटर. नाण्याचा उठाव त्याहून बराच कमी असतो, म्हणजे खोली पुरेशी आहे. पण नाणं कॅमेऱ्याला समांतर असेल तरच. रुपया दोन अंशांनी कलला तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक मिलिमीटरचा फरक पडतो आणि सगळी खोली त्यातच संपते. वरची अक्षरं कोरल्यासारखी आणि खालची धूसर असा फोटो आला की फोकसला हात लावू नका, आधी कल तपासा.

कल तपासायला गवंड्याची पाणसळ चालते, पण त्याहून अचूक उपाय म्हणजे छोटा सपाट आरसा. नाण्याच्या जागी आरसा ठेवायचा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायचं आणि फोकस लांब नेत लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब पकडायचं. प्रतिबिंबातल्या लेन्सचा मध्य चौकटीच्या बरोब्बर मध्यावर आला की कॅमेरा आणि नाण्याखालचा पाट समांतर झाले. दोन मिनिटांचं काम आहे, कॅमेरा हलवला की दर वेळी करायचं.

कॅमेरा खाली तोंड करून टांगायला जुन्या डार्करूममधल्या एनलार्जरचा, म्हणजे फोटो मोठे करून छापायच्या यंत्राचा, खांब उत्तम. वरचं डोकं काढून त्या जागी पाव इंची स्क्रूने कॅमेरा बसवला की वर-खाली सरकणारा भक्कम स्टँड तयार होतो. ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा घालूनही काम होतं, पण पाय दिव्यांच्या आड येतात आणि कॅमेऱ्याच्या वजनाने चौकट हळूहळू खाली सरकते. मग पायांना वाळूची पिशवी बांधावी लागते.

कंपनाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. छताचा पंखा आधी बंद. त्याने स्टँड हलतो आणि काळं कापड वापरलं असेल तर त्यावर धूळही येऊन बसते. शटर १/१० ते १/६० सेकंदांच्या पट्ट्यात असेल तर डीएसएलआरचा आतला आरसा उचलला जाण्याचा धक्काही फोटोत उतरतो. लाइव्ह व्ह्यू चालू ठेवा (चित्र थेट पडद्यावर) किंवा मिरर लॉकअप लावा (आरसा आधीच उचलून ठेवणारी सोय), दोन सेकंदांचा टायमर द्या, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. फोकस हातानेच, पडद्यावर दहापट मोठं करून. मी फोकस धरतो तो मध्यम उंचीच्या जागेवर, म्हणजे राजाच्या कानापाशी किंवा केसांत. सपाट पार्श्वभागावर नाही आणि सर्वांत उंच गालावरही नाही.

आता उजेड.

नाणं हा मुळात आरसा आहे, थोडा खडबडीत आणि उठाव असलेला. आरशात जे समोर असेल ते दिसतं. कॅमेरा सरळ डोक्यावर आहे, म्हणजे नाण्याच्या सपाट भागात लेन्सचं काळं तोंड दिसणार. चकचकीत प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारखं पाडलेलं, फोटोत काळंठिक्कर येतं ते यामुळे. दिवा बाजूला पार आडवा ठेवला तर त्याचा उजेड सपाट भागावरून घसरून पलीकडे निघून जातो आणि फक्त अक्षरांच्या कडा व ओरखडे पेटतात. दिवा लेन्सच्या जितका जवळ, जितका उंच, तितका सपाट भागावरचा उजेड परत लेन्समध्ये येतो. दिवा ठेवण्याची सगळी कला या एका नियमातून निघते.

मी वाकणाऱ्या मानेचे दोन एलईडी टेबल लॅम्प वापरतो. नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर एक दहाच्या आकड्यावर, दुसरा दोनच्या, आणि दोन्ही शक्य तितके उंच, लेन्सला जवळजवळ चिकटून, पाटापासून साधारण सत्तर अंशांवर. इथून सुरुवात. मग पडद्यावर नजर ठेवून एक दिवा हाताने फिरवत राहायचं. साडेनऊ, नऊ, परत दहा, थोडा खाली, थोडा मागे. फोटो काढायची घाई करायची नाही. १९११ च्या रुपयावर दोन्ही दिवे सारख्या जोराचे असताना हत्ती अंगरख्याच्या नक्षीत हरवून जातो, कारण एका दिव्याने पाडलेली सावली दुसरा पुसून टाकतो. एक दिवा थोडा लांब नेऊन मंद केला की हत्तीच्या एका अंगाला बारीक सावली धरते, आधी पाठीची रेघ सुटते, मग पाय, आणि दिवा चार बोटं आणखी सरकवला की सोंड. तिथेच थांबायचं.

दिवा कधीही सहाच्या आकड्यावर, म्हणजे नाण्याच्या खालच्या बाजूला ठेवू नये. उजेड वरून येतो असं आपला डोळा गृहीत धरतो. तो खालून आला तर उठावाचा चेहरा खड्ड्यात कोरल्यासारखा दिसायला लागतो. दिवा न हलवता नाणंच फिरवून हवी ती सावली मिळवायची आणि नंतर संगणकावर फोटो सरळ करायचा, ही सोयीची युक्ती आहे. पण फोटो सरळ केल्यावर उजेड कुठून येतोय हे मनाशी धरूनच नाणं फिरवा, नाहीतर हीच चूक मागच्या दाराने आत येते.

न वापरलेल्या नाण्यावर एक फिरती झळाळी असते. नाणं हातात किंचित हलवलं की उजेडाचे दोन पंखे मध्यापासून कडेपर्यंत फिरतात. ठशाच्या दाबाखाली धातू मध्यातून बाहेर सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषा राहतात, ही झळाळी त्या रेषांची. वापरात रेषा झिजल्या की झळाळी गेली, आणि नाण्याची प्रत ठरवताना लोक आधी तीच बघतात. म्हणून फोटोत ती यायलाच हवी. पांढऱ्या कापडाचे जे तयार तंबू विकत मिळतात ते इथे घात करतात. चोहोबाजूंनी सारखा मऊ उजेड पडला की झळाळी मरते आणि चांदीचा रुपया अॅल्युमिनियमच्या पत्र्यासारखा दिसतो. दागिन्यांना तंबू ठीक, नाण्यांना नको. उजेड फारच टोचत असेल तर दिव्यापुढे ट्रेसिंग पेपरचा एक छोटा तुकडा पुरे, तोही एकाच दिव्यापुढे.

प्रूफ आणि आरशासारख्या नाण्यांसाठी काचेची रीत आहे. नाणं आणि लेन्स यांच्यामध्ये पातळ काच ४५ अंशांत तिरकी धरायची. फोटोफ्रेमची एक-दोन मिलिमीटरची चालते. दिवा बाजूने, काचेच्या पातळीत. उजेड काचेवर आपटून सरळ खाली नाण्यावर जातो, नाण्यावरून सरळ वर येतो आणि काचेतून लेन्समध्ये शिरतो. सपाट भाग पांढरा पेटतो आणि चेहरा त्यावर करडा उमटतो. दिव्याचा थेट उजेड नाण्यावर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची आडोशाची पट्टी लावायची आणि काचेच्या पलीकडच्या बाजूला काळं कापड टांगायचं, नाहीतर भिंतीचं प्रतिबिंब फोटोत येऊन सगळं फिकट होतं. साधी काच दिव्याचा जेमतेम दहावा हिस्सा खाली पाठवते, म्हणून दिवा जोरदार हवा. काचेवर बोटाचा एक ठसा राहिला तरी फोटो धुरकटतो. झिजलेल्या नाण्याला ही रीत वापरू नका. सावल्या नाहीशा होतात आणि जे थोडंफार वाचता येत होतं तेही जातं.

शिवराईचं, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचं, तंत्र याच्या अगदी उलट. तांबं गडद तपकिरी किंवा काळं पडलेलं, कड वेडीवाकडी, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि हाताने ठोकलेलं नाणं असल्यामुळे बहुतेक वेळा एखादं अक्षर कडेच्या बाहेर गेलेलं. इथे झळाळी नाहीच, असतो फक्त उंचसखल भाग. एकच दिवा, तोही खाली, पाटापासून पंचवीस-तीस अंशांवर, दहा किंवा अकराच्या आकड्यावर. समोरच्या बाजूला पांढऱ्या कार्डाचा तुकडा उभा करायचा, म्हणजे सावल्या पार काळ्या होत नाहीत. आणि इथे एक बारकावा आहे. दिव्याच्या दिशेला समांतर असलेल्या रेघा पुसट होतात, आडव्या असलेल्या उठून दिसतात. दुदांडी शिवराईवरच्या दोन दांड्या उजेडाच्या रेषेत आल्या तर दोनच्या जागी एक पसरट पट्टा दिसतो. दिवा बाराकडे सरकवला की दोन्ही सुट्या होतात. पण तोवर अक्षरांच्या उभ्या काना-वेलांट्या फिक्या पडतात. म्हणून मी अकरावर तडजोड करतो, आणि शिवराईचे दोन वेगळ्या उजेडांतले फोटो ठेवायला काहीच हरकत नाही असं माझं ठाम मत आहे. ठोकलेल्या नाण्याच्या दोन बाजू एकमेकींशी कोणत्याही कोनात असू शकतात, तेव्हा बाजू उलटल्यावर अक्षरं सरळ येतील असं नाणं पुन्हा फिरवून घ्यावं लागतं.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाखालची टांकसाळीची खूण ही माझी रोजची कसोटी. मुंबईचा पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका; कोलकात्याची खूण नसते. झिजलेला चौकट आणि ठिपका यांत फोटोवरून घोटाळा होत असेल तर दिवा फार उंच आहे असं समजायचं आणि तो थोडा खाली आणायचा.

एक्स्पोजर कॅमेऱ्यावर सोपवू नये. काळ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा काळ्याला करडं करायला जातो आणि चांदी जळून पांढरी होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर उलट होतं, नाणं अंधारात जातं. मोड मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ/८, आणि शटर बदलत राहायचं, कडेवरची सर्वांत चमकदार जागा पडद्यावर लुकलुकायची थांबेपर्यंत (जळून पांढरी होणारी जागा कॅमेरा लुकलुकवून दाखवतो). माझ्या दिव्यांवर चांदीला १/२५ च्या आसपास जमतं, शिवराईला त्याच्या चौपट वेळ लागतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. स्वस्त एलईडीवर वेगवान शटरने फोटोत आडवे पट्टे येतात. १/५०, १/२५ किंवा त्याहून हळू ठेवलं की पट्टे जातात.

रंगासाठी पडदे ओढा, खोलीतला ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळसर उजेड एकत्र पडला की नाण्याची एक बाजू निळी, दुसरी सोनेरी होते, आणि ते नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. दिवे एकाच जातीचे आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे घ्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कोणता हे कॅमेऱ्याला सांगणं, करड्या कार्डावर ठरवा. साध्या छपाईच्या पांढऱ्या कागदावर नको, कारण त्यात निळसर चमक आणणारं द्रव्य असतं आणि मग चांदी पिवळी येते. अंगात लाल किंवा पिवळा शर्ट असेल तर चकचकीत नाण्यात तोही उतरतो, म्हणून मी काळा किंवा करडा घालतो.

नाणं थेट कापडावर ठेवू नका. बाटलीचं बूच किंवा खोडरबराचा तुकडा, नाण्याच्या व्यासाहून लहान, त्यावर नाणं ठेवायचं. दीड-दोन सेंटिमीटर उंची मिळाली की सावली खाली, चौकटीबाहेर पडते आणि पार्श्वभूमी धूसर होऊन कड स्वच्छ सुटते.

नाणं धरायचं ते फक्त कडेला, खाली मऊ कापड पसरून, म्हणजे सुटलं तरी फरशीवर आपटत नाही. धूळ रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवायची, फुंकरीने नको. फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात आणि चांदीवर डाग धरतात. फोटोसाठी म्हणून नाणं चिंचेने, लिंबाने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका, हे मी हात जोडून सांगतो. शंभर-तीनशे वर्षांत चढलेला थर एका मिनिटात जातो, परत येत नाही, आणि फोटोत तर घासल्याचे समांतर ओरखडेच आधी दिसतात. पुठ्ठ्याच्या खिडकीवाल्या पाकिटातून नाणं काढताना स्टेपलच्या पिना आधी पूर्ण काढून बाजूला ठेवा. नाण्यांवरचे किती तरी ताजे ओरखडे त्या पिनांचेच असतात.

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्यायचा. डार्कटेबल आणि गिम्प ही दोन फुकट सॉफ्टवेअर यापुढच्या कामाला पुरतात. सरळ करणं, गोलाच्या कडेबाहेर थोडी जागा सोडून कापणं, दोन्ही बाजू शेजारीशेजारी सारख्या आकारात ठेवणं, एवढंच. कॉन्ट्रास्ट वाढवण्याचा मोह होतो, पण तो वाढवला की झीज लपते आणि ओरखडे दुप्पट दिसतात. शार्पनिंग जास्त झालं की अक्षरांभोवती पांढरी रेघ येते. ती रेघ दिसली की दोन पावलं मागे या. रंग जुळला की नाही हे नाणं हातात घेऊन, त्याच दिव्याखाली, पडद्याशेजारी धरूनच ठरवायचं. आठवणीतला रंग फसवतो.

शेवटी फाइलच्या नावात राजा किंवा राज्य, किंमत, साल, टांकसाळ (कळली तर), वजन आणि व्यास: ‘पंचम जॉर्ज, १ रुपया, १९११, ११.६६ ग्रॅम, ३०.५ मिमी’. आणि एका वहीत प्रत्येक नाण्यापुढे दिव्यांचे आकडे: दहा आणि दोन, डावा उंच, उजवा मंद, काच किंवा बिनकाच. पुढचा तसाच रुपया हाती आला की अर्धा तास वाचतो, आणि हत्तीची सोंड पहिल्या दोन-तीन फोटोंतच सापडते.